गोळी किती पुरे? रॅक्लोप्राइडने दिलेलं उत्तर

रॅक्लोप्राइड नावाचं औषध बेळगावच्या कुठल्याच दुकानात मिळणार नाही, आणि बंगळूर-मुंबईतही नाही. स्वीडनमधल्या अ‍ॅस्ट्रा कंपनीने ते स्किझोफ्रेनियासाठी तयार केलं, रुग्णांवर त्याच्या चाचण्याही झाल्या, पण ते बाजारात आलं नाही. तरीही आज खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या रुग्णाला हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोनची गोळी किती द्यायची, या निर्णयामागे या न विकल्या गेलेल्या रेणूचा मोठा हात आहे.

आपल्या सीमाभागात या आजाराची वाट बहुतेक घरांत सारखीच असते. पोराला कुणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात अशी त्याची खात्री पटते. आधी देवऋषी, मग सौंदत्तीचा नवस, आणि बराच काळ गेल्यावर बेळगाव किंवा धारवाडचे मानसोपचारतज्ज्ञ. गोळ्या सुरू होतात, आवाज ओसरतात, घर सुटकेचा श्वास टाकतं. पण काही जणांचे हात मग थरथरू लागतात. चेहऱ्यावरचे भाव जातात, चाल आखडते, तोंडातून लाळ गळते. कुणाला एका जागी बसवत नाही, तो सारखा येरझाऱ्या घालतो. घरचे म्हणतात, गोळ्यांनी माणूस दगड झाला, आणि गोळ्या बंद करतात. पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आवाज परत येतात.

हा ताठरपणा आजार बरा होण्याची किंमत आहे, तो सोसलाच पाहिजे, असं कित्येक वर्षं डॉक्टरही मानत. काहींच्या मते तर हात थरथरले म्हणजे औषध लागू पडलं! हा समज चुकीचा होता, आणि तो मोडायला आकडे लागले.

गोष्टीचा एक धागा आपल्या मातीतला आहे. पश्चिम घाटाच्या रानात आढळणारी सर्पगंधा आपल्याकडे वेडावर आणि रक्तदाबावर वापरली जायची. कोलकात्यात सेन आणि बोस या डॉक्टरांनी 1931 साली तिच्याविषयी लिहिलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेत तिच्या मुळांतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. 1957 च्या सुमारास स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं, तेव्हा ससे हालेनासे झाले. त्यांना एल-डोपा टोचल्यावर ते पुन्हा हिंडू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन, तयार होतं. म्हणजे हालचालीसाठी डोपामिन लागतं आणि रिसर्पिन त्याचा साठा रिकामा करतं. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. पुढे 1970 च्या दशकात दिसून आलं की भास कमी करणारी तेव्हाची जवळजवळ सगळी औषधं डोपामिनच्या डी-2 नावाच्या ग्राहींवर (रिसेप्टर), म्हणजे डोपामिन जिथे जाऊन चिकटतं त्या पेशींवरच्या जागांवर, जाऊन बसतात. भासही तिथेच आवरतात आणि हातपायही तिथेच आखडतात. मग गोळीची मात्रा कुठवर न्यायची?

जिवंत माणसाच्या मेंदूत औषधाने किती ग्राही अडले आहेत हे नेमकं मोजायची सोय नव्हती. ती रॅक्लोप्राइडने करून दिली. हा रेणू जवळजवळ फक्त डी-2 आणि त्याचाच भाऊबंद डी-3 यांनाच चिकटतो, आणि तेही सैलसर. 1980 च्या दशकाच्या मध्यावर स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लार्स फार्डे आणि सहकाऱ्यांनी त्यातला एक कार्बन अणू किरणोत्सारी कार्बन-11 चा बसवला. मायक्रोग्रॅममधली ही मात्रा शिरेतून द्यायची आणि शरीरातला किरणोत्सार टिपून चित्र काढणाऱ्या पेट (PET) स्कॅनरखाली मेंदू कुठे उजळतो ते पाहायचं. कार्बन-11 दर वीस मिनिटांनी निम्मा होतो, तासाभरात आठवा हिस्सा उरतो. म्हणून तो तयार करणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, रुग्णालयाच्या अंगणातच लागतं.

मोजणीची युक्ती साधी आहे. खानापूरच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे हे रेणू रिकाम्या आसनांवर पडतात. गोळीने आधीच आसनं भरली असतील, तर रुमालांना जागा कमी मिळते, आणि स्कॅनवर उजेड तेवढा मंद दिसतो. त्यावरून भरलेल्या आसनांची टक्केवारी काढता येते.

नेहमीच्या मात्रेत जुन्या औषधांनी साधारण 65 ते 90 टक्के ग्राही अडवलेले सापडले, आणि अंग ताठरलेल्या रुग्णांत हा आकडा वरच्या टोकाला होता. टोरांटोत शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच आजारी पडलेल्या 22 जणांना हॅलोपेरिडॉल रोज 1 किंवा 2.5 मिलिग्रॅम दिलं. 2000 साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ग्राही 65 टक्क्यांवर भरले की गुण येण्याची शक्यता वाढते, आणि 78 टक्क्यांपलीकडे ताठरपणाची. मधली पट्टी इतकी अरुंद आहे. त्याआधीच्या काळात हेच औषध रोज 20 मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त देणं सर्रास चालायचं! त्यातली बरीचशी मात्रा रुग्णाला फक्त त्रासच देत होती. हे वाचताना मला त्या काळातल्या हजारो आखडलेल्या माणसांची आठवण येते, आणि वाईट वाटतं.

आणखी एक कोडंही यातूनच पुढे आलं. क्लोझापिन हे औषध हट्टी आजारात सर्वांत गुणकारी ठरतं, पण ते डी-2 ग्राही तुलनेने कमी, बहुधा 60 टक्क्यांच्या आतबाहेरच, भरतं. उलट ग्राही पुरेसे भरूनही काहींना गुण येत नाही. म्हणजे डोपामिन हीच सगळी कथा नव्हे.

रॅक्लोप्राइड सैल चिकटतं, त्यामुळे मेंदूने स्वतः डोपामिन सोडलं तरी ते बाजूला सरतं. 2011 साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवून हे मोजलं. गाण्यातल्या आवडत्या जागेची वाट पाहताना मेंदूचा एक भाग डोपामिन सोडतो, आणि ती जागा आली की दुसरा. बेळगावजवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्वांचा जन्म झाला. त्यांच्या गाण्यात समेची वाट पाहणाऱ्या श्रोत्याला हे पटायला स्कॅन लागणार नाही.

घरी कुणी गोळी घेत असेल आणि हात थरथरत असतील, तर गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टर मात्रा उतरवू शकतात, औषध बदलू शकतात, किंवा थरथर कमी करणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी जोडू शकतात. त्रास कोणत्या तारखेला, कोणती गोळी वाढवल्यावर सुरू झाला ते फाईलच्या मागे लिहून ठेवा. चालतानाचा छोटा व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या. ओपीडीतल्या डॉक्टरांना कन्नडच येत असलं आणि आपलं कन्नड अर्धवट असलं, तरी आखडलेली चाल त्यांना लगेच ओळखता येते.