शाईविना उठलेली लाट

पांढऱ्या कागदावर पांढऱ्याच लाटा, रंगाचा ठिपकासुद्धा नाही. जपानी लाकडी ठशांच्या छपाईतला हा काराझुरी प्रकार पाहिला की बहुतेकांना वाटतं, कागद गरम साच्यात दाबला असणार. उष्णतेचा इथे काही संबंध नाही. चेरीच्या लाकडात लाट कोरायची, ठशाला शाई लावायचीच नाही, दमट कागद वर ठेवून बारेन नावाच्या चपट्या गोल दाबणीने, नाहीतर चक्क कोपराने, तो खोबणीत बसवायचा. 1765च्या सुमारास रंगीत छपाई बहरली तेव्हाच्या सुझुकी हारुनोबू या जपानी चित्रकाराच्या चित्रांत बर्फ आणि किमोनोची नक्षी अशीच उठवलेली आहे. अमूर्त समुद्र छापणारे आजचे कलाकार तीच युक्ती वापरतात.

खरी गंमत ओलाव्यात आहे. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. त्यातल्या लांब साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. एकेक बंध दुबळा, पण संख्या अफाट. कोरडा कागद दाबला तर तो बराचसा परत उसळतो, फार दाबला तर फाटतो. पाण्याचे रेणू आत शिरले की ते साखळ्यांमधले बंध सोडवून स्वतःच तिथे जोडले जातात आणि साखळ्या सरकायला मोकळ्या होतात. शास्त्रीय भाषेत, सेल्युलोजच्या अस्ताव्यस्त भागाचं ग्लास ट्रान्झिशन तापमान (ज्याच्या वर कडक पदार्थ मऊ पडतो ते) कोरडेपणी 200 अंश सेल्सिअसच्याही वर असतं. पुरेशा ओलाव्यात ते खोलीच्या तापमानापर्यंत घसरतं. सुती सदऱ्यावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवतो ती याचसाठी. कागद वाळला की साखळ्या नव्या जागी नवे बंध जुळवतात आणि लाट पक्की होते.

  

प्रत्येक कागदाला हे झेपत नाही. लाकडाच्या लगद्यातले तंतू साधारण 1 ते 3 मिलिमीटरचे, खोल खोबणीत त्यांची पकड सुटते. तुतीच्या कुळातल्या कोझो झुडपाच्या सालीतले तंतू 10 मिलिमीटरच्या आसपास असतात. ते ताणले जातात, पण एकमेकांना सोडत नाहीत.

ओलाव्याने आलेला उठाव ओलाव्यानेच जातोही. असं चित्र ओल्या खळीने पुठ्ठ्यावर चिकटवू नये, काचेला टेकवून फ्रेम करू नये. आणि पाहायचं तर दिवा बाजूने, अगदी तिरपा धरावा. समोरून उजेड टाकला तर दिसेल तो कोरा कागद.