वापरलेले थिनर शेडमध्येच गाळून पुन्हा वापरायचे आहे? आधी कोणते अर्ज करायचे

ट्रॉली, पेरणीयंत्रे, थ्रेशर रंगवणाऱ्या आपल्या विदर्भातल्या शेडमध्ये स्प्रे गन धुतलेले थिनर (रंग पातळ करणारा द्रव) ड्रमात साचत राहते. त्याचे ऊर्ध्वपातन करून (तापवून, वाफ थंड करून स्वच्छ द्रव परत मिळवून) ते पुन्हा वापरले, तर नव्या थिनरची खरेदी घटते आणि बुटीबोरीच्या सामाईक घातक कचरा केंद्रात पाठवायचा मालही कमी होतो. बचत खरी आहे. पण "माल माझा, शेड माझी, मग परवानगी कशाला?" हा समज काढून टाका.

घातक कचरा नियम, 2016 च्या पहिल्या अनुसूचीत वापरलेले सॉल्व्हंट (थिनरसारखे विद्रावक) 20.2 क्रमांकावर आहे आणि ऊर्ध्वपातनानंतर तळाशी उरणारा गाळ 20.3 वर. नियम 9 प्रमाणे असा कचरा स्वतःच्याच आवारात वापरायचा असला, तरी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र (घातक कचरा हाताळण्याची परवानगी) लागते. मूळ उत्पादन प्रक्रियेचाच भाग असेल, तेवढी सूट. अकोल्याकडच्या सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये तेल काढायला वापरलेले हेक्झेन हे सॉल्व्हंट परत मिळवतात, ते त्या प्रक्रियेतच बसते. गन धुतलेल्या थिनरला ही सूट लागू होते की नाही, हे आपल्या मनाने ठरवू नका. मंडळाकडून लेखी घ्या.

अर्ज कोण करू शकतो

जल कायदा 1974 आणि हवा कायदा 1981 खालची मंडळाची संमती (उद्योग चालवण्याची परवानगी) ज्याच्याकडे चालू आहे, तो. त्या संमतीत ऊर्ध्वपातन युनिट दाखवलेले नसेल, तर आधी संमतीत बदल करून घ्या आणि मगच मशीनची ऑर्डर द्या.

प्राधिकारपत्राचा अर्ज नमुना 1 मध्ये, मंडळाच्या संकेतस्थळावरून करायचा. विदर्भात मंडळाची प्रादेशिक कार्यालये नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरला आहेत. अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण असेल तर 120 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. नमुना 2 मधले प्राधिकारपत्र 5 वर्षे चालते.

कागदपत्रे

जागेसाठी एमआयडीसीचे वाटपपत्र किंवा भाडेपट्टा. शेड गावाच्या शिवारात असेल तर सातबारा आणि अकृषक आदेश. उद्यम नोंदणी, जुनी संमतीपत्रे, भांडवली गुंतवणुकीचे सीएचे प्रमाणपत्र (संमतीचे शुल्क त्यावर ठरते), शेडचा नकाशा, आपत्कालीन योजना.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे हिशेब. वर्षाला किती थिनर घेता, किती घाण होते, युनिट दिवसाला किती लिटर गाळेल, तळाशी गाळ किती उरेल आणि तो कुठे जाईल, हे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. अंदाजाने लिहू नका. आधी तीन महिने रोज वहीत नोंद ठेवा. युनिट केवढे घ्यायचे आणि ते परवडते का, हेही त्याच वहीतून कळेल. गाळ घेणाऱ्या केंद्राचे सदस्यत्वपत्र अर्जासोबत जोडा.

आता आगीचे. थिनरमधल्या टोल्युइनचा ज्वलनांक (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) साधारण 4 अंश सेल्सिअस, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. पत्र्याखाली तर त्याहून जास्त. 23 अंशांखाली ज्वलनांक असलेले पेट्रोलियम 'अ' वर्गात मोडते. विक्रीसाठी नसलेला असा माल एकूण 30 लिटरपर्यंतच विनापरवाना ठेवता येतो. म्हणजे 200 लिटरचा एक ड्रमसुद्धा मर्यादेबाहेर. हा परवाना देणाऱ्या 'पेसो'चे (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) मुख्यालय नागपुरातच आहे, तिथे विचारून घ्या. एनसी रंगाचा गाळ कधीही कोरडा होईपर्यंत तापवू देऊ नका. त्यातले नायट्रोसेल्युलोज कोरडे पडून तापले की स्वतःहून पेटू शकते.

परवानगी मिळाल्यावर नमुना 3 मध्ये रोजची नोंद, ड्रमवर नमुना 8 चे लेबल आणि दरवर्षी 30 जूनपर्यंत नमुना 4 चे विवरणपत्र. कचरा 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा होणाऱ्या लहान उद्योगाला मंडळ ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवू शकते, पण ती मागावी लागते. पर्यावरण कायद्याखालचा दंड 10 हजारांपासून 15 लाख रुपयांपर्यंत आहे.