थोरल्याचा हक्क, धाकट्यांचा हिस्सा: उत्तरमध्ययुगीन इंग्लंडमधील जेंट्रीच्या जमिनी

नॉरफोकमधील न्यायाधीश विल्यम पॅस्टन १४४४ मध्ये वारला, तेव्हा त्याचा थोरला मुलगा जॉन २२ वर्षांचा होता. इंग्लंडच्या सामान्य कायद्याप्रमाणे (कॉमन लॉ) पाहिले तर वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते; बापाची जमीन थोरल्या मुलाकडे जाते, एवढाच नियम होता. परंतु मरणशय्येवर नवऱ्याने धाकट्या मुलांना आणखी काही जमिनी देण्याची इच्छा बोलून दाखवली होती, असे त्याची विधवा ॲग्नेस सांगत होती आणि जॉनला ते मान्य नव्हते. या एका मतभेदातून सुरू झालेली भाऊबंदकी पुढे काका-पुतण्यांमध्ये १४८० च्या दशकापर्यंत चालली. पॅस्टन घराण्याचा पत्रव्यवहार मोठ्या प्रमाणावर टिकून राहिल्यामुळे हा तंटा आपल्याला तपशीलवार कळतो, पण तो अपवादात्मक होता असे समजू नये. त्या काळातील जवळजवळ प्रत्येक जमीनदार घरात नियम एक सांगत असे आणि पेटीतले दस्त दुसरेच काही सांगत असत.

जेंट्री म्हणजे उमरावांच्या खालचा आणि स्वतः नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याच्या वरचा वर्ग. त्यात नाइट, एस्क्वायर आणि साधे जेंटलमन येत. कोणाकडे एकच मॅनर (म्हणजे जमीनदाराची जहागीर) असे, तर कोणाकडे चार परगण्यांत विखुरलेले डझनभर. १४१३ च्या कायद्याने ठरावीक प्रकारच्या दाव्यांत प्रतिवादीचा दर्जा किंवा धंदा लिहिणे सक्तीचे झाले आणि तेव्हापासून ‘जेंटलमन’ हे बिरुद कागदोपत्री वारंवार दिसू लागले. परगण्याच्या प्रतिनिधीसाठी मत देण्याचा अधिकारही १४२९ मध्ये वर्षाला किमान ४० शिलिंग उत्पन्नाच्या मुक्त जमिनीशी जोडला गेला. जमीन गेली की उत्पन्नाबरोबर परगण्यातले स्थानही जाई, आणि जमीन मिळवली की एका पिढीत कुळी बदलता येई. न्यायाधीश पॅस्टनचा बाप क्लेमेंट हा साधा शेतकरी होता. घराण्याच्या वैऱ्यांनी लिहून ठेवलेल्या एका टिपणानुसार त्याच्याकडे फार तर १०० ते १२० एकर जमीन होती आणि तो दळणाचे धान्य घोड्यावर टाकून, त्यावरच बसून गिरणीला जाई. मेहुण्याच्या मदतीने मुलाला कायद्याचे शिक्षण देता आले आणि मुलाने वकिलीच्या व न्यायासनाच्या कमाईतून एकामागून एक मॅनर विकत घेतले.

या सगळ्या व्यवहारांच्या मुळाशी एक जुनी कल्पना होती: जमिनीचा अंतिम धनी राजा, बाकी सारे कोणाच्या ना कोणाच्या हाताखाली ती धारण करणारे. लष्करी सेवेच्या अटीवर जमीन धारण करणारा मेला, की वारसाला कब्जा घेण्यापूर्वी वरिष्ठ धन्याला नजराणा द्यावा लागे. मॅग्ना कार्टाने १२१५ मध्ये तो एका नाइटच्या जमिनीमागे १०० शिलिंगांवर बांधून दिला. त्याहून जाचक होते ते अज्ञान वारसाचे पालकत्व. मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत जमिनीचे उत्पन्न धन्याच्या खिशात जाई, आणि त्या मुलाचे लग्न कोणाशी लावायचे हा हक्कही धन्याचा असे. हे दोन्ही हक्क बाजारात विकले जात. अज्ञान वारसाचे पालकत्व विकत घेऊन आपल्या मुलीला जमिनीसह नवरा मिळवून देणे हा त्या काळातला राजमान्य व्यवहार होता. राजाकडून थेट जमीन धारण करणारा कोणी वारला, की राजाचा अधिकारी स्थानिक पंचांना बोलावून मृताच्या जमिनी कोणत्या, कोणाच्या हाताखालच्या, वारस कोण आणि त्याचे वय काय, याची चौकशी करी. वारस सज्ञान झाला की नाही हे ठरवण्यासाठी पुन्हा साक्षी होत. त्याचा बाप्तिस्मा झाला त्याच दिवशी माझा पाय मोडला होता, अशा धर्तीच्या या साक्षी वाचायला मोठ्या रंजक आहेत, मात्र त्यांतल्या अनेक ठराविक साच्याच्या असल्याने त्यांवर किती विसंबावे हा प्रश्नच आहे.

थोरल्याला सर्व देण्याची प्रथा याच लष्करी चौकटीत पक्की झाली, कारण तुकडे पडलेल्या जमिनीवर नाइट उभा राहत नाही. केंटमध्ये सर्व मुलांना समान वाटा देण्याची जुनी रीत टिकली, तरी ती स्थानिकच राहिली. मुलगा नसेल तर मात्र मुलींमध्ये समान वाटणी होई, आणि मुलगी ही काकाच्या आधी वारस ठरे. आपल्याकडच्या मिताक्षरा परंपरेत मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सा मिळतो. इंग्लंडमध्ये जिवंत माणसाला वारसच नसतो असे वकील म्हणत. बापाच्या हयातीत थोरल्याचा हक्क ही निव्वळ आशा असे. बाप ती जमीन विकू शके, दुसऱ्याच्या नावे करू शके. त्याला एकच गोष्ट करता येत नसे: काही शहरे आणि स्थानिक रिवाज वगळता, मृत्युपत्राने जमीन कोणाला देणे कायद्याला मान्य नव्हते.

या चौकटीतून वाट काढण्याची साधने तेराव्या शतकाच्या अखेरीपासून तयार होत गेली. १२८५ च्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या कायद्याने दात्याची इच्छा बंधनकारक ठरवली. अमुक माणसाला आणि त्याच्या औरस संततीला, अशा शब्दांत दिलेली जमीन त्या संततीच्या हातून बाहेर जाऊ नये, ती निर्वंश झाल्यास दात्याकडे परत यावी, हे त्यातून साधले. हाच एंटेल. पुढे संततीऐवजी पुरुष संतती असे शब्द घालण्याकडे कल वाढला, म्हणजे मुलगी वारस ठरून जमीन जावयाच्या घरात जाण्याची भीती टळे. (कित्येक शतकांनंतर कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार टागोरांनी आपल्या मृत्युपत्रात अशीच पुरुषसंततीची साखळी बांधू पाहिली; हिंदू कायद्याला अज्ञात असलेली अशी वारसापद्धत निर्माण करता येणार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये ठरवले.) खुद्द इंग्लंडमध्येही एंटेलची गाठ सोडवण्याची युक्ती निघालीच. संगनमताने दावा लावायचा आणि ठरवून हरायचे, या पद्धतीच्या मान्यतेसाठी १४७२ च्या टाल्टारम खटल्याचा परंपरेने उल्लेख होतो.

दुसरे साधन अधिक लवचीक होते. धनी आपल्या हयातीतच जमीन विश्वासातल्या चार-सहा माणसांच्या नावे करून देई. कागदावर मालक ते, उपभोग मात्र त्याचा, आणि तो मेल्यावर त्याच्या शेवटच्या इच्छेप्रमाणे जमिनीची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्यांची. अशा व्यवस्थेला ‘यूज’ म्हणत. मालक म्हणून नोंदलेले सगळे एकाच वेळी मरत नाहीत, म्हणून ना नजराणा, ना अज्ञान वारसाचे पालकत्व. शिवाय मृत्युपत्राने जमीन देण्यावरची बंदी आपोआप निष्प्रभ झाली. मुलींच्या हुंड्याची, धाकट्यांच्या पोटापाण्याची, कर्जफेडीची सोय जमिनीतून करता येऊ लागली. सामान्य कायद्याच्या न्यायालयांना हा विश्वास दिसत नसे, त्यांना फक्त कागदावरचा मालक दिसे. त्यामुळे फसवले गेलेले लोक चॅन्सलरकडे, म्हणजे राजाच्या प्रमुख मंत्र्याकडे, दाद मागू लागले आणि पंधराव्या शतकात त्याच्या न्यायालयाचे काम यातूनच फुगत गेले. पुढच्या काळातील ट्रस्ट, आणि त्यामार्फत आपल्याकडचा १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा, यांचे मूळ या पळवाटेत आहे.

माझ्या मते, थोरल्या वारसाच्या वाटेतील सर्वांत मोठा अडथळा धाकटा भाऊ नसून आई असे. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा तहहयात मिळे. त्याशिवाय लग्न ठरवतानाच काही मॅनर नवरा-बायको दोघांच्या नावे करून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. नवरा गेला तरी ते पूर्णपणे तिच्याकडेच राहत. ॲग्नेस पॅस्टन ही स्वतः वारसदार मुलगी होती, त्यामुळे माहेरची जमीन, लग्नात नावे झालेले ऑक्सनेडचे मॅनर आणि विधवेचा हिस्सा असे तिन्ही तिच्या हाती आले आणि ती नवऱ्यामागे ३५ वर्षे जगली. १४७९ मध्ये ती वारली, तोवर थोरला मुलगा जॉन मरून १३ वर्षे झाली होती. मिळकतीचा मोठा भाग वारसाच्या हाती आयुष्यभर न येणे हे असे सहज घडे.

लग्नाच्या बोलण्यांत पुढच्या दोन पिढ्यांचा हिशोब मांडला जाई. १४७७ मध्ये जॉनच्या मुलांपैकी धाकट्या जॉनचे लग्न मार्जरी ब्रूजशी ठरत होते. वडील हुंडा वाढवायला तयार नाहीत हे मार्जरीने त्याला ‘व्हॅलेंटाइन’ म्हणून लिहिलेल्या पत्रात कळवले होते. वराची आई मार्गारेटने आपल्या माहेरच्या मिळकतीतील स्पॅरहमचे मॅनर या जोडप्याला आणि त्यांच्या संततीला द्यायची तयारी दाखवली, तेव्हा थोरल्या भावाने, सर जॉनने (दोघा भावांचे नाव जॉनच होते), हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे, की मार्जरीला फक्त मुलगी झाली, मार्जरी वारली, भावाने दुसरे लग्न केले आणि त्यातून मुलगा झाला, तर बापाचा खरा वारस असलेला तो मुलगा स्पॅरहमला मुकेल. यात स्वार्थ होताच, पण तर्क बिनचूक होता.

कागद बळकट असून भागत नसे. न्यायाधीश पॅस्टनने विकत घेतलेल्या ग्रेशमच्या मॅनरवर लॉर्ड मोलिन्सने १४४८ मध्ये हक्क सांगून कब्जा केला. घराला वेढा पडण्याच्या त्या दिवसांत मार्गारेटने नवऱ्याला लंडनहून क्रॉसबो पाठवायला लिहिले, कारण घर इतके ठेंगणे होते की आतून लांब धनुष्य चालवता येत नव्हते; त्याच पत्रात एक पौंड बदाम आणि एक पौंड साखरही मागवली आहे. जानेवारी १४५० मध्ये मोलिन्सच्या माणसांनी तिच्या खोलीची भिंत खालून पोखरून तिला उचलून बाहेर काढले. जॉनच्या अर्जात हल्लेखोर हजार होते, तर घरात ती धरून जेमतेम डझनभर माणसे. पुढे खटला उभा राहिला, तेव्हा मोलिन्सला निर्दोष सोडतील असे पंच निवडण्याची राजाची सूचनाच शेरिफकडे पोचली.

यूज किती नाजूक होते हे सर जॉन फास्टॉल्फच्या मिळकतीने दाखवले. फ्रान्सच्या युद्धात धनवान झालेला हा निपुत्रिक नाइट नोव्हेंबर १४५९ मध्ये कैस्टरच्या किल्ल्यात वारला. कैस्टरला धर्मगुरूंचे एक मठ-महाविद्यालय स्थापावे आणि ४,००० मार्क (तेव्हाचे पैशाच्या हिशोबाचे एकक) भरावेत या अटींवर त्याने शेवटच्या दिवसांत तोंडी मृत्युपत्राने बरीचशी जमीन जॉन पॅस्टनला दिली, असा दावा पुढे आला. जमिनी ज्यांच्या नावे होत्या त्या विश्वस्तांपैकी न्यायाधीश येल्व्हर्टनसारख्यांनी तो धुडकावला. जॉन दाव्यांपायी फ्लीटच्या तुरुंगात जाऊन आला आणि १४६६ मध्ये वारला. १४६८ मध्ये विरोधी विश्वस्तांनी किल्ला ड्यूक ऑफ नॉरफोकला विकला, पुढच्याच वर्षी ड्यूकने तोफा लावून वेढा घातला आणि सुमारे पाच आठवड्यांनी धाकट्या जॉनला तो सोडावा लागला. विश्वस्तांपैकीच असलेल्या बिशप वेनफ्लीटशी १४७० मध्ये झालेल्या तडजोडीत पॅस्टनांनी बऱ्याच जमिनींवर पाणी सोडले. फास्टॉल्फच्या नियोजित मठाचा निधी ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे वळला. जानेवारी १४७६ मध्ये ड्यूक अचानक वारला, तेव्हा कुठे किल्ला पॅस्टनांकडे परत आला.

राजाचे नजराणे बुडवणारी ही व्यवस्था आठव्या हेन्रीने १५३६ च्या यूजविषयक कायद्याने मोडीत काढली आणि त्याच वर्षी उत्तरेत उसळलेल्या बंडात या कायद्याविरुद्धची जेंट्रीची तक्रारही होती. १५४० मध्ये राजाला माघार घ्यावी लागली: लष्करी सेवेच्या जमिनीपैकी दोन तृतीयांश मृत्युपत्राने देता येईल, उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यावर राजाचे जुने हक्क चालतील. ते हक्क वसूल करण्यासाठी त्याच वर्षी स्वतंत्र न्यायालय उभे राहिले. लष्करी धारणापद्धती, आणि तिच्याबरोबर अज्ञान वारसांचे पालकत्व, १६६० मध्ये पार्लमेंटने कायद्याने रद्द केली. राजाच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई मद्यावरील अबकारी करातून करण्यात आली, म्हणजे जमीनदारांच्या सुटकेची किंमत बियर पिणाऱ्या सर्वांनी मोजली.