ऋत

ऋग्वेदातील एक मूलभूत संकल्पना. सूर्योदय, नद्यांचे वाहणे, यज्ञाचा विधी आणि माणसाचे खरे बोलणे या सर्वांना एकाच सूत्रात बांधणारी विश्वव्यवस्था, असा तिचा स्थूल अर्थ सांगता येतो. ‘ऋ’ (जाणे) या धातूपासून हा शब्द साधला जातो. ‘ऋतू’ हा रोजच्या वापरातला शब्दही त्याच कुळातला.

ऋत म्हणजे कोणा देवाने घालून दिलेला कायदा नव्हे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. वरुण व मित्र हे ऋताचे रक्षक आहेत, अग्नीला पहिल्याच सूक्तात ‘गोपामृतस्य’, म्हणजे ऋताचा रक्षक, म्हटले आहे, आणि देवांना वारंवार ‘ऋतजात’, म्हणजे ऋतातून जन्मलेले, हे विशेषण लावले आहे. दहाव्या मंडलाच्या १९० व्या सूक्तानुसार प्रज्वलित तपातून ऋत व सत्य उपजले आणि त्यानंतर रात्र व समुद्र झाले.

ऋताचे सर्वांत देखणे चित्र पहिल्या मंडलाच्या १६४ व्या सूक्तात आहे. तेथे ऋताचे बारा आऱ्यांचे चाक द्युलोकाभोवती अखंड फिरते, ते कधी जीर्ण होत नाही, आणि त्यावर जोडीजोडीने ७२० पुत्र उभे आहेत. बारा आरे म्हणजे महिने आणि पुत्र म्हणजे वर्षाचे ३६० दिवस व ३६० रात्री, असा अर्थ परंपरेने लावला जातो.

ऋताच्या उलट ते अनृत. हा शब्द पुढे केवळ ‘खोटे’ या अर्थी रूढ झाला. ऋग्वेदात मात्र त्याला घडी विसकटण्याचाही अर्थ आहे, आणि असे वागणाऱ्याला वरुणाचे पाश बांधतात. सातव्या मंडलातील ८६ व्या सूक्तात वसिष्ठ वरुणाला कळवळून विचारतो की, आपली स्तुती गाणाऱ्या मित्राला मारू पाहतोस असा माझा कोणता मोठा अपराध झाला? मग तो सांगतो की, ही माझी स्वतःची इच्छा नव्हती. सुरा, क्रोध, फासे आणि अविचार यांनी मला ओढले, आणि झोपही अनृत दूर ठेवू शकत नाही. झोपेतल्या चुकीचीही इतकी धास्ती बाळगणारा हा ऋषी वाचला की, ऋत हे नुसते तत्त्वज्ञानातले पद राहत नाही.

इराणी परंपरेत याच शब्दाची सगोत्र रूपे आढळतात. अवेस्ता या जरथुष्ट्री धर्मग्रंथातील ‘अश’ आणि प्राचीन पर्शियनमधील ‘अर्त’ ही ती होत. ‘अश’च्या विरोधी ‘द्रुज’ (असत्य) या शब्दाचे नाते संस्कृत ‘द्रुह्’ (द्रोह करणे) धातूशी आहे. यावरून ही कल्पना भारतीय व इराणी शाखा वेगळ्या होण्यापूर्वीची ठरते.

उत्तरवैदिक काळात ऋताची जागा हळूहळू धर्म व सत्य या शब्दांनी घेतली. तरी तैत्तिरीय उपनिषदाच्या आरंभीच्या शांतिपाठात ‘ऋतं वदिष्यामि । सत्यं वदिष्यामि ।’ असे दोन्ही शब्द शेजारीशेजारी येतात, आणि योगसूत्रांत समाधीतल्या प्रज्ञेला ‘ऋतंभरा’ हे नाव आहे.