करवत, पश्चाग्र (बॅटरीवर चालणारी)

पाते सरळ रेषेत वेगाने पुढे-मागे हलवून लाकूड, धातू, प्लॅस्टिक, प्लास्टर इ. पदार्थ कापणारे, हातात धरून वापरायचे विद्युत अवजार. रेसिप्रोकेटिंग सॉ, सेबर सॉ आणि अमेरिकेत सॉझॉल (मूळचे व्यापारनाम) या नावांनीही ते ओळखले जाते. इमारतींची पाडापाडी, नळकाम, झाडांची छाटणी आणि अपघातग्रस्त वाहनांतून माणसांची सुटका ही त्याची मुख्य कामे होत. सफाईदार, अचूक कापासाठी ते बनवलेले नाही.

उगम : चक्राकार गतीचे पश्चाग्र (पुढे-मागे होणाऱ्या) गतीत रूपांतर करून करवत चालविण्याची कल्पना किती जुनी आहे, याविषयी दीर्घकाळ वाद होता. चौथ्या शतकातील लॅटिन कवी ऑसोनियस याने मोझेल नदीवरील आपल्या काव्यात, तिच्या एका उपनदीच्या पाण्यावर संगमरवर चिरणाऱ्या करवती चालत असल्याचा उल्लेख केला आहे. त्या काळी क्रँक (चाकाला जोडलेला, त्याच्याबरोबर फिरणारा वाकडा दांडा) व त्याची गती करवतीपर्यंत नेणारा जोडदांडा यांची जोडी माहीत नव्हती, असे गृहीत धरून काही इतिहासकारांनी या ओळींच्या अस्सलपणाविषयीच शंका घेतली होती. आशिया मायनरमधील हिएरापोलिस (आजचे पामुक्कले, तुर्कस्तान) येथील एका शवपेटीवरील शिल्पामुळे हा आक्षेप बराच दुबळा झाला. मार्कुस औरेलियुस अम्मियानोस नावाच्या कारागिराची ही शवपेटी सामान्यतः तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील मानली जाते. तिच्यावर पाणचक्की, दंतचक्रे आणि दोन चौकटी-करवती कोरलेल्या आहेत. रित्ती, ग्रेव्हे व केसनर यांनी २००७ मध्ये या शिल्पाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. शिल्पात क्रँक स्वतंत्रपणे स्पष्ट दाखविलेला नाही. परंतु जोडदांडे दाखविले आहेत आणि क्रँकवाचून ही रचना चालणे अशक्य असल्याने तो होता, हा त्यांचा निष्कर्ष ग्राह्य वाटतो. एफेसस (तुर्कस्तान) व गेरासा (जॉर्डन) येथे सापडलेले अशाच गिरण्यांचे अवशेष सुमारे सहाव्या-सातव्या शतकांतील असून तेही याच मताला पुष्टी देतात. या करवतींना दात नसत. पात्याखाली वाळू व पाणी सोडून दगड झिजवला जाई. त्यामुळे दातेरी पश्चाग्र करवतीशी त्यांचे नाते गतीपुरतेच आहे. तेराव्या शतकात व्हिलार द ऑनकूर याने रेखाटलेली पाण्यावरची लाकूड-करवत आणखी वेगळी आहे. तिच्यात पाते चाकाच्या जोराने खाली ओढले जाते व लवचिक खांबाच्या ताणाने परत वर येते.

हाती धरायच्या विद्युत पश्चाग्र करवतीचा आरंभ बहुधा १९५१ पासून धरतात. त्या वर्षी अमेरिकेतील मिलवॉकी कंपनीने सॉझॉल बाजारात आणली. तिची वंशावळ जिगसॉ या बारीक पात्याच्या, वळणदार काप देणाऱ्या करवतीपर्यंत मागे नेण्याचा प्रघात आहे. स्वित्झर्लंडमधील सिंटिला कंपनीचे अभियंते अल्बर्ट कौफमन यांनी १९४६ मध्ये शिलाई यंत्राच्या सुईच्या जागी करवतीचे पाते बसवून जिगसॉची कल्पना पडताळून पाहिली, असे सांगितले जाते. दोन्ही अवजारांची गती एकच असली, तरी जिगसॉचे पाते यंत्राला काटकोनात असते आणि यंत्राचा तळ वस्तूवर सपाट बसतो. पश्चाग्र करवतीचे पाते यंत्राच्या रेषेतच पुढे निघालेले असते आणि ते हवेत कोणत्याही कोनात धरले जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हाच भेद निर्णायक असल्याने तिला जिगसॉची शाखा न मानता स्वतंत्र अवजार मानणे अधिक योग्य ठरते. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने मात्र आयईसी ६२८४१ या मानकमालेत दोन्हींचा विचार एकाच भागात (२-११) केला आहे.

विद्युत घटांवर चालणारी हत्यारे १९६१ पासून, म्हणजे ब्लॅक अँड डेकरच्या निकेल-कॅडमियम घटांवरील ड्रिलपासून, उपलब्ध आहेत. पण पश्चाग्र करवतीला लागणारा मोठा प्रवाह या घटांतून फार वेळ मिळत नसे. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये व्यापारी उत्पादनात आले आणि २००५ च्या सुमारास मिलवॉकी, मकिता आदींनी ते जड कामाच्या हत्यारांत वापरले. त्यानंतरच बॅटरीवरची करवत खऱ्या अर्थाने रूढ झाली. आजच्या प्रचलित १८ व्होल्टच्या बॅटरीत ३·६ व्होल्टचे पाच घट एकसर जोडणीत असतात. पूर्ण भारित अवस्थेत प्रत्येक घट सुमारे ४·२ व्होल्टपर्यंत जात असल्याने अशाच बॅटरीवर काही बाजारांत २० व्होल्ट असा शिक्का असतो. त्याने शक्ती वाढत नाही.

रचना व पाते : मोटरीची चक्रगती दंतचक्रे व क्रँक किंवा तिरपी डुलती तबकडी यांच्याद्वारे दांड्याच्या पश्चाग्र गतीत बदलते. मोठ्या करवतीत फेऱ्याची लांबी सामान्यतः २८ ते ३२ मिमी. व वेग मिनिटाला सु. ३,००० फेऱ्यांपर्यंत असतो. ट्रिगर दाबण्याच्या प्रमाणात वेग बदलतो. पात्याभोवती पुढे एक धातूचा आधार असतो, त्याला शू म्हणतात. पात्याचे दात सामान्यतः यंत्राकडे वळलेले असल्याने काप मागे ओढतानाच्या फेऱ्यात होतो आणि त्या ओढीनेच शू वस्तूवर घट्ट बसतो.

उत्तम पाती द्विधातूची असतात. लवचिक पोलादी पाठीला उच्चगती पोलादाची दातेरी कड जोडलेली असते. ओतीव लोखंड व कठीण पोलादासाठी कार्बाइडचे दात लागतात. दर इंचाला दातांची संख्या लाकडासाठी सु. ६, खिळे असलेल्या लाकडासाठी १०, नळ व धातूसाठी १४ ते १८ आणि पातळ पत्र्यासाठी २४ अशी निवडतात. कापाच्या जाडीत कोणत्याही क्षणी निदान तीन दात असावेत. याहून कमी असतील, तर पत्र्याची कड दोन दातांमध्ये अडकते, दात तुटतात आणि यंत्राला झटका बसतो.

झटका व त्याचे कारण : या करवतीचे बहुतेक अपघात पात्याच्या मोकळ्या टोकाशी निगडित असतात. चक्राकार करवतीत पात्याचा मोठा भाग कवचाखाली असतो. येथे पाते उघडे असते आणि पुढच्या फेऱ्यात त्याचे टोक भिंतीवर, चौकटीवर किंवा नळाच्या आतल्या बाजूवर आदळले, तर सगळा जोर उलट फिरून हातात येतो. पाते वाकते किंवा तुटते. म्हणून पाते वस्तूच्या जाडीपेक्षा इतके लांब हवे की, ते पूर्ण मागे आलेले असतानाही टोक पलीकडे बाहेरच राहील. सांडपाण्याच्या ११० मिमी. नळाला १५० मिमी.चे पाते यासाठी अपुरे पडते, २२५ मिमी.चे घ्यावे. नळामागे भिंत जवळ असेल, तर उलट अडचण येते. अशा ठिकाणी शू पुढे-मागे सरकवून पात्याची बाहेरची लांबी कमी करावी किंवा काप बाजूने घ्यावा.

शू वस्तूवर दाबून ठेवणे हा या अवजाराच्या वापरातील सर्वांत महत्त्वाचा नियम मानावा लागेल. शू सुटला की, कापण्याऐवजी सगळी वस्तूच करवतीबरोबर हलू लागते किंवा वस्तू स्थिर असेल तर यंत्र हलते. दोन्ही हात पकडीवर हवेत, एक मागच्या मुठीवर व एक पुढच्या रबरी आवरणावर. सुटी वस्तू हाताने किंवा पायाखाली न धरता शिकंज्यात बसवावी. कापाच्या शेवटी तुकडा खाली झुकून भेग मिटली, तर पाते चिमटले जाते. म्हणून राहणाऱ्या भागाला आधार द्यावा व तुटणारा भाग मोकळा लोंबू द्यावा. फांदी तोडताना आधी खालून सुमारे एक-तृतीयांश काप देऊन मग वरून कापल्यास सालही सोलली जात नाही. पाते सरळ खुपसून काप सुरू करणे लाकूड किंवा जिप्समपुरतेच ठीक; धातूत आधी छिद्र पाडावे लागते. ट्रिगर सोडल्यावरही पाते क्षणभर चालते, ते थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नये. धातू कापल्यानंतर पाते व कापलेली कड दोन्ही भाजण्याइतकी तापलेली असतात.

झाकलेले धोके : यंत्राला वायर नाही म्हणून विजेचा धक्का बसणार नाही, ही समजूत घातक आहे. भिंतीत दडलेली २३० व्होल्टची तार पात्याने कापली गेली, तर करवतीचे धातूचे भाग प्रवाहित होतात. त्यामुळे रोधक पकडीवरच हात ठेवावा आणि त्याआधी मेन स्विच बंद करून पाणी व गॅसच्या वाहिन्या कोठून जातात ते पाहावे. महाराष्ट्रातील अनेक जुन्या घरांवर व गोठ्यांवर असलेल्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. असे पत्रे या करवतीने कापूच नयेत; ते अखंड उतरवावेत. इतर कामांतही चश्मा, कानांचे संरक्षण व धुळीला योग्य मुखपट आवश्यक आहे.

कंपनाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. कंपनाने बोटे पांढरी पडण्याच्या विकाराचे गाजलेले औद्योगिक सर्वेक्षण ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथील चुनखडीच्या कामगारांत केले. ते हवेच्या दाबावरील हातोडे वापरत. यूरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार हाताला बसणाऱ्या कंपनाच्या त्वरणाची आठ तासांच्या सरासरीने २·५ मी./से.² ही उपाययोजना सुरू करण्याची, तर ५ मी./से.² ही कमाल मर्यादा आहे. करवतीचे कंपन २० मी./से.² धरल्यास पहिली पातळी प्रत्यक्ष कापण्याच्या साडेसात मिनिटांत व दुसरी अर्ध्या तासात गाठली जाते. प्रतिवजन बसविलेली करवत व धारदार पाते यांमुळे हा काळ वाढतो. बोथट पात्यावर जोर देऊन काम रेटण्याने तो घटतो.

सुटकेच्या कामात : अपघातग्रस्त मोटारीची पुढची काच व छताचे खांब कापण्यासाठी अग्निशमन दले ही करवत वापरतात. जनित्र व होज लागत नसल्याने ती खोल दरीतही नेता येते. खांबाचे आतील अस्तर काढून एअरबॅगची वायुनळकांडी कोठे आहे हे पाहिल्याशिवाय काप देऊ नये, कारण ती दाबाखाली असते. विद्युत व संकरित मोटारींतील नारिंगी (उच्च व्होल्टच्या) केबलना पाते लागता कामा नये. काच कापताना जखमीचा चेहरा झाकावा.

बॅटरी : पाते बदलण्यापूर्वी, अडकलेला तुकडा काढण्यापूर्वी व करवत ठेवून देताना बॅटरी काढावी. तारेच्या यंत्राचा प्लग काढलेला दुरूनही दिसतो. येथे मात्र ट्रिगरला चुकून धक्का लागला की पाते लगेच चालू होते. सुटी बॅटरी खिळे-स्क्रूंच्या डब्यात टाकल्यास टोके जोडली जाऊन आग लागू शकते. शून्य अंश से.च्या खाली भारण केल्यास घटात धातुरूप लिथियम साचते. आपल्याकडे त्याहून खरा प्रश्न उष्णतेचा आहे. विदर्भातील उन्हाळ्यात बंद मोटारीतील तापमान ५०° से.च्या वर जाते, तेथे बॅटरी ठेवू नये व तापलेली बॅटरी निवल्याखेरीज चार्जरला लावू नये. फुगलेली किंवा पडून तडकलेली बॅटरी वापरातून काढावी. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादक व आयातदारांवर आहे.