वद्य अष्टमीचे लाल खेकडे

नोव्हेंबर लागला की लाल खेकड्यांनी झाकलेल्या रस्त्याचा एक व्हिडिओ हमखास फिरू लागतो. परवा तो माझ्याकडे आला तेव्हा खाली लिहिलं होतं, की भूकंपाची चाहूल लागल्यामुळे खेकडे समुद्र सोडून पळताहेत. दृश्य खरं आहे, मजकूर साफ खोटा. हे खेकडे समुद्रातून येत नाहीत, समुद्राकडे निघालेले असतात. भीतीनं नव्हे, अंडी सोडायला. आणि कोणत्या पहाटे त्यांच्या माद्या पाण्याशी उभ्या राहतील, हे घरातलं पंचांग उघडून आपल्यालाही बऱ्यापैकी सांगता येतं.

हे ठिकाण म्हणजे ख्रिसमस आयलंड. जावाच्या दक्षिणेला साधारण ३५० किलोमीटरवर, हिंदी महासागरात. सत्ता मात्र ऑस्ट्रेलियाची, आणि पर्थ तिथून २,६०० किलोमीटर दूर. ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘रॉयल मेरी’ जहाजाचा कप्तान विल्यम मायनर्स २५ डिसेंबर १६४३ला जवळून गेला, म्हणून हे नाव. पुढची जवळपास अडीचशे वर्षं तिथं वस्ती झाली नाही. किनारा बहुतेक ठिकाणी उभ्या कड्यांचा, जहाज लावायला जागाच नाही. मग १८८७मध्ये ब्रिटिश आरमाराच्या ‘एजिरिया’ जहाजानं तिथले दगड नेले, जॉन मरे या निसर्गशास्त्रज्ञानं ते तपासले आणि ते जवळजवळ शुद्ध फॉस्फेट, म्हणजे खताचा कच्चा माल, निघालं. दुसऱ्याच वर्षी ब्रिटननं बेट ताब्यात घेतलं. खाणीत राबायला चीन, मलाया, सिंगापूरहून करारावर मजूर आणले गेले. आजच्या सुमारे १,७०० वस्तीत चिनी आणि मलय वंशाचे लोक मोठ्या संख्येनं आहेत ते त्यामुळे. १९४२मध्ये बेटावरच्या तोफखान्यातल्या हिंदी सैनिकांनी बंड करून आपल्या इंग्रज अधिकाऱ्याला ठार केलं आणि काही आठवड्यांतच जपानी फौज उतरली. १९५८पासून बेट ऑस्ट्रेलियाकडे आहे.

माणसांचा इतिहास एवढाच. खेकड्यांचा फार मोठा.

बेट म्हणजे समुद्रतळावरून उठलेल्या ज्वालामुखीचा माथा. त्यावर प्रवाळांच्या चुनखडीचं जाड आवरण, आणि मधलं पठार पायरीपायरीनं समुद्राकडे उतरणारं. पठारावर दाट जंगल, आणि जंगलात लाल खेकडे. १३५ चौरस किलोमीटरच्या बेटावर १९९५च्या मोजणीत त्यांची संख्या ४ कोटी ३७ लाखांच्या घरात निघाली होती. कवचाची रुंदी ११ सेंटीमीटरपर्यंत. खाणं म्हणजे गळलेली पानं, फळं, कोवळी रोपं. म्हणून या जंगलात जमीन अंगणासारखी झाडून ठेवल्यागत दिसते. कोरड्या महिन्यांत खेकडा बिळात शिरून तोंडाशी पानांचा बोळा लावतो, कारण कल्ले सुकले की तो मेलाच.

आपल्या भातशेतातल्या मुठ्यांना समुद्राची गरज पडत नाही. त्यांच्या अंड्यातून थेट छोटा खेकडाच बाहेर येतो, तोही आईच्या पोटाखाली. लाल खेकड्याला ही सोय नाही. राहायला तो जमिनीवर आला, पण त्याच्या डिंभकांना, म्हणजे अंड्यातून निघणाऱ्या तरंगत्या पिल्लांना, आजही खारं पाणीच लागतं. पाऊस पडला की आधी नर खाली उतरू लागतात. साधारण आठवडाभराची चाल. पाण्यात डुबकी मारून ते अंगातली ओल आणि क्षार भरून घेतात, किनाऱ्याजवळच्या पायरीवर बिळं खणतात, बिळांसाठी भांडतात. मागून माद्या येतात. मीलन झालं की नर परत पठारावर. मादी दोन-तीन दिवसांत अंडी घालते आणि पोटाखाली धरून बारा-तेरा दिवस त्या ओल्या बिळात बसून राहते. एकेकीकडे लाखभर अंडी असू शकतात.

आणि ती सोडायची केव्हा? वद्य अष्टमीच्या आसपास, पहाटेच्या अंधारात, भरतीचं पाणी ओसरू लागताना. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो, म्हणून त्यात जरा खोल जाऊ.

कोकणातल्या माणसाला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग वेगळा समजवावा लागत नाही. भांगाच्या दिवसांत भरती फार चढत नाही आणि ओहोटी फार उतरत नाही. पण का? चंद्र आणि सूर्य दोघंही पृथ्वी ओढतात. नुसती ओढ मोजली तर सूर्याची चंद्राच्या जवळजवळ १७८ पट भरते. तरी भरतीवर राज्य चंद्राचं, कारण भरती ओढीनं येत नाही, ओढीतल्या फरकानं येते. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला ओढ जास्त, केंद्राशी मध्यम, पलीकडच्या बाजूला कमी. या फरकामुळे पाणी दोन्ही बाजूंना फुगतं. ओढ अंतराच्या वर्गानं घटते, पण हा फरक अंतराच्या घनानं घटतो. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट, अंतर ३९० पट. ३९०चा घन म्हणजे ५ कोटी ९३ लाख. भागाकार करा: ०.४६. म्हणजे भरती उचलण्यात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत असतात, जोर एकमेकांत मिळतात: १ अधिक ०.४६. अष्टमीला दोघांत काटकोन असतो. चंद्र जिथं पाणी उचलतो तिथं सूर्य ते दाबतो, म्हणून १ उणे ०.४६. एकीकडे १.४६, दुसरीकडे ०.५४, जवळपास पावणेतीन पटींचा फरक. प्रत्यक्षात किनाऱ्याचा आकार आणि तळाची खोली यांनी हे आकडे बदलतात, आणि भांग अष्टमीनंतर एक-दोन दिवस रेंगाळून येतो. मुंबई-रत्नागिरीकडे तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, अष्टमीला सहा. हा हिशेब त्या किनाऱ्यापुरताच. दुसऱ्या किनाऱ्याचं गणित वेगळं.

आता कड्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मादीकडे पाहा. तिला धड पोहता येत नाही, लाटेनं ओढून नेलं तर ती बुडते. भांगाच्या पहाटे पाण्याची पातळी बराच वेळ फारशी हलत नाही, त्यामुळे काठावर उभं राहून नांग्या वर धरून अंग घुसळायला तिला सवड मिळते. अंडी पाण्याला लागताच फुटतात आणि उतरतं पाणी डिंभकांना बाहेर नेतं. मुहूर्त चुकवायचा नाही, म्हणून उलटं मोजा. वद्य अष्टमीच्या बारा-तेरा दिवस आधी अंडी घातलेली हवीत, म्हणजे शुद्ध दशमीच्या सुमारास. मीलन त्याच्या दोन-तीन दिवस आधी. चालीचा आठवडा धरला तर निघायचं अमावास्येच्या आगेमागे. पाऊस लवकर आला तर खेकडे वाटेत चरत, रमतगमत उतरतात. उशिरा आला तर न थांबता चालतात, आणि फारच उशीर झाला तर पुढच्या चांद्रमासाची वाट बघतात.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, चंद्राचा परिणाम होतोच, आणि माणसाच्या शरीरात तर सत्तर टक्के पाणी! हा युक्तिवाद अमावास्येला प्रवास टाळण्यापासून ते महागडे खडे विकण्यापर्यंत सगळीकडे वापरला जातो. वरचं गणित आठवा. भरतीला ओढीतला फरक लागतो आणि फरकाला लांबी लागते. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे, माणूस दोन मीटरही नाही. आपल्या डोक्यावरच्या आणि पायावरच्या ओढीतला फरक समुद्रावरच्या फरकाच्या लाखो पटींनी क्षीण असतो. भांगाचा फायदा खेकड्याला मिळतो तो त्याच्या अंगातल्या पाण्यामुळे नव्हे, समोरच्या समुद्रामुळे.

डिंभक तीन-चार आठवडे समुद्रात असतात. मांटा रे आणि व्हेल शार्क हे मोठाले मासे त्यांच्यावर ताव मारतात. बहुतेक वर्षी जवळपास काहीच परत येत नाही. दशकात एक-दोनदा मात्र पाच मिलिमीटरची पिल्लं किनारा गुलाबी करत बाहेर पडतात आणि नऊ-दहा दिवस चालून पठार गाठतात. तेवढ्यावर संख्या टिकते. मोठ्यांच्या स्थलांतरात तर बेटाचा दिनक्रमच बदलतो. रस्ते बंद होतात, खेकड्यांसाठी बांधलेले पूल आणि रस्त्याखालचे बोगदे आहेत, आणि गाडीतून उतरून दाताळ्यानं खेकडे हळूच बाजूला सारणं हे तिथं रोजचं काम होऊन बसतं.

या खेकड्यांचा खरा शत्रू मुंगी निघाली. पिवळी वेडी मुंगी १९१५ ते १९३४च्या दरम्यान केव्हातरी जहाजांतून पोचली आणि अनेक दशकं गप्प राहिली. तिच्या प्रचंड वसाहती १९८९मध्ये प्रथम दिसल्या. ती चावत नाही, फॉर्मिक आम्ल फवारते. खेकड्याचे डोळे जातात, मग जीव. अशा रीतीनं कोट्यवधी खेकडे मेले, आणि जिथं ते संपले तिथं रोपांची गचपण माजली. विषारी आमिष हेलिकॉप्टरनं टाकून झालं, पण ते कायम टाकत राहावं लागतं. मग शास्त्रज्ञांनी मुंग्यांच्या शिध्यावर बोट ठेवलं. त्या जगतात एका किड्याच्या गोड स्रावावर, आणि हा किडा आपल्या लाखेच्या किड्याच्या कुळातला आहे. डिसेंबर २०१६मध्ये मलेशियातून आणलेली, जेमतेम दोन मिलिमीटरची एक परजीवी गांधीलमाशी बेटावर सोडली गेली. ती या किड्याच्या अंगात अंडी घालते आणि तिची पिल्लं त्याला आतून खातात. बेटावर सोडण्याआधी तिची वर्षानुवर्षं चाचणी झाली, कारण बाहेरून आलेल्या जिवांनी तिथं काय केलंय हे सर्वांना ठाऊक होतं: १८९९मध्ये ‘हिंदुस्थान’ नावाच्या जहाजातून काळे उंदीर उतरले आणि त्यांच्या रोगानं बेटाच्या स्वतःच्या उंदरांच्या दोन्ही जाती काही वर्षांत नामशेष झाल्या. गेल्या काही वर्षांत पिल्लं मोठ्या संख्येनं परतली आहेत, आणि खेकडे आता दहा कोटींच्या पुढे गेल्याचं तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी सांगतात.