श्रवणयंत्रातील फीडबॅक व त्याचे नियंत्रण

श्रवणयंत्राने मोठा करून कानात सोडलेला आवाज फटींतून बाहेर झिरपतो, त्याच यंत्राच्या मायक्रोफोनवर पडतो आणि पुन्हा मोठा होतो. या चक्राला ध्वनीचे प्रत्याभरण किंवा पुनर्भरण म्हणतात. व्यवहारात ‘फीडबॅक’ हाच शब्द रूढ आहे. यंत्र वापरणारे मात्र ‘मशीन शिट्टी मारते’ असे म्हणतात. सभागृहातील ध्वनिक्षेपकाचे किंचाळणे तत्त्वतः हेच होय. फरक अंतराचा आहे : सभागृहात ते काही मीटर असते, तर कानामागील यंत्रात अवघे काही सेंटिमीटर.

या आविष्काराला फ्रेंचमध्ये व युरोपातील इतर काही भाषांत ‘लार्सन परिणाम’ म्हणतात. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन अब्सालोन लार्सन (१८७१–१९५७) यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी टेलिफोनचा रिसीव्हर व मायक्रोफोन एकमेकांशी जोडून हव्या त्या कंप्रतेचा (दर सेकंदाच्या कंपनसंख्येचा, म्हणजे फ्रीक्वेन्सीचा) प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाह मिळवला. त्यावरून हे नाव पडले. तथापि लार्सन यांना या आविष्काराचे शोधक मानणे अवघड आहे. विद्युत् अभियंते आर्थर केनेली व वॉल्टर अपसन यांचा ‘गुणगुणणाऱ्या टेलिफोना’वरील सविस्तर निबंध १९०८ मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि टेलिफोन अभियंत्यांना ही गुणगुण त्याआधीही परिचित होती. कार्बन मायक्रोफोन स्वतःच काही प्रमाणात विवर्धन करतो, म्हणजे संदेश मोठा करतो, त्यामुळे विवर्धनासाठी वापरली जाणारी निर्वात नलिका नसतानाही चक्र पूर्ण होत असे. लार्सन यांनी उपद्रवाचे रूपांतर उपयुक्त साधनात केले, इतके श्रेय त्यांना देणे अधिक ग्राह्य वाटते.

शिट्टी केव्हा सुरू होते, याची अट जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइन्रिख बार्कहाउझेन यांच्या नावाने सांगितली जाते : चक्राची एक फेरी पूर्ण करून आलेला ध्वनी मूळ ध्वनीइतका किंवा अधिक मोठा असावा आणि त्याची कला (फेज, म्हणजे कंपनचक्रातील त्या क्षणीची स्थिती) ३६०° च्या पटीत जुळावी. काटेकोरपणे पाहता ही अट आवश्यक आहे, पुरेशी नव्हे. स्थिरतेचा, म्हणजे शिट्टी न उमटण्याचा, पूर्ण निकष अभियंता हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये मांडला. झिरपताना आवाज ४० डेसिबेलनी क्षीण होत असेल, तर विवर्धन ४० डेसिबेलच्या जवळ नेताच धोका संभवतो. यंत्रात ध्वनीला ५ मिलिसेकंद विलंब होत असेल, तर कला जुळणाऱ्या कंप्रता साधारण २०० हर्ट्झच्या अंतराने येतात. त्यांपैकी जिथे झिरप सर्वाधिक तिथे, बहुधा २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास, शिट्टी उमटते. विवर्धकाची मर्यादा गाठेपर्यंत ती वाढत जाते.

शिट्टी ऐकू येण्यापूर्वीच ध्वनी बिघडलेला असतो, याकडे अनेक सोप्या वर्णनांत दुर्लक्ष होते. फेरीतील विवर्धन अस्थिरतेच्या सीमेपेक्षा ६ डेसिबेलनी कमी ठेवले, तरी काही कंप्रता सुमारे ६ डेसिबेलनी उंचावतात आणि काही सुमारे ३.५ डेसिबेलनी दबतात. बोलणे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटते, ते यामुळे.

सर्वांत जुना उपाय अंतराचा. खिशातील यंत्रात मायक्रोफोन छातीशी आणि रिसीव्हर (आवाज सोडणारा छोटा ध्वनिक्षेपक) वायरीच्या टोकाला कानात असल्याने तीव्र बहिरेपणातही मोठे विवर्धन देता येई. ट्रान्झिस्टरमुळे १९५० च्या दशकात यंत्र कानामागे गेले आणि हे अंतर संपले. मग भिस्त आली ती कानाच्या साच्यावर, म्हणजे कानाच्या आकाराबरहुकूम बनवलेल्या बोळ्यावर. साचा जितका घट्ट तितकी झिरप कमी. पण पूर्ण बंद कानात स्वतःचाच आवाज घुमतो, म्हणून साच्यात छिद्र ठेवावे लागते, आणि त्याच छिद्रातून आवाज बाहेर पडतो. लहान मुलांचा कान वाढत असल्याने साचा वरचेवर बदलावा लागतो. मळाने भरलेला कान हेही शिट्टीचे नेहमीचे कारण आहे.

उच्च कंप्रतांचे विवर्धन उतरवणे किंवा अरुंद छानकाने (फिल्टरने) नेमकी ती कंप्रता कापणे, हे विद्युतीय उपाय सोपे, पण त्यांत ‘स’, ‘श’ यांसारखे वर्ण हातचे जातात. ध्वनिशास्त्रज्ञ मान्फ्रेट श्रोडर यांनी १९६४ मध्ये सभागृहांसाठी सुचवलेली कंप्रता काही हर्ट्झनी सरकवण्याची युक्ती श्रवणयंत्रात एकटी फारशी फळत नाही. सभागृहाच्या प्रतिसादात जवळजवळ असंख्य चढउतार असतात व सरकलेला स्वर चढावरून उतारावर जातो. कानाशेजारच्या आखूड मार्गात तसे दाट चढउतार नसतात.

आज प्रचलित असलेली पद्धत निरसनाची आहे. झिरपीच्या मार्गाची नक्कल करणारा, स्वतःला सतत जुळवून घेणारा अंकीय (डिजिटल) छानक यंत्रात असतो. परत येऊ शकणाऱ्या ध्वनीचा तो अंदाज बांधतो आणि मायक्रोफोनच्या संदेशातून वजा करतो. जुळवणीचे सूत्र बहुधा विड्रो व हॉफ यांच्या १९६० च्या लघुतम-वर्ग पद्धतीवरून घेतलेले असते. ही पद्धत प्रथम कोणी मांडली, याबाबत एकमत नाही. बुस्टामांटे व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अशी रचना मांडली होती. ड्यूरलुंड व बिस्गार्ड यांनी १९९१ मध्ये प्रायोगिक यंत्रावरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जेम्स केट्स यांचे संगणकीय अनुकरणही आले. पूर्णतः अंकीय यंत्रे १९९६ च्या सुमारास बाजारात आल्यावर ही पद्धत सार्वत्रिक झाली. तिच्यामुळे साधारणतः १० ते १५ डेसिबेल जादा विवर्धन वापरता येते. हा आकडा कान, साचा व यंत्र यांनुसार बराच बदलतो.

तिची खरी अडचण अभियांत्रिकीची नसून कोणता ध्वनी कुठला हे ओळखण्याची आहे. बाहेरून येणारा ध्वनी आणि यंत्राने सोडलेला ध्वनी यांच्यात, विलंब अल्प असल्याने, सहसंबंध (सारखेपणाचे नाते) राहतो. लांबवलेला स्वर आला की छानक त्यालाच झिरप समजतो. बासरी किंवा हार्मोनियमचा धरून ठेवलेला सूर म्हणून खरवडला जातो, किंवा सूर थांबल्यावर मागे एक खोटी शिट्टी रेंगाळते. बोलण्यात हा दोष कमी जाणवतो. यावर क्षीण चाचणी-गोंगाट मिसळणे, छानकाला देण्यापूर्वी संदेशातील अंदाज करता येण्याजोगा भाग काढून टाकणे, दोन मायक्रोफोन वापरणे असे मार्ग अभ्यासले गेले. यांपैकी दुसरा मार्ग तत्त्वदृष्ट्या अधिक निर्दोष दिसतो, कारण त्यात श्रोत्याला काही जादा ऐकावे लागत नाही. श्रोडर यांची युक्ती इथे वेगळ्या हेतूने परतली आहे. ध्वनी सुमारे १० हर्ट्झनी सरकवला की सहसंबंध सुटतो. मात्र उघड्या कानात मूळ व सरकलेला असे दोन्ही स्वर पोहोचले, तर सेकंदाला दहा हेलकावे ऐकू येतात. तंबोऱ्याच्या सुरावर बसलेल्या कानाला ते लगेच खटकतात.

भारतात केंद्र सरकारच्या दिव्यांग साहाय्य योजनेतून (१९८१) दीर्घकाळ खिशातील यंत्रांचे वाटप झाले. त्यांत हा प्रश्न तुलनेने सौम्य होता. श्रवणतज्ज्ञांचे प्रशिक्षण व साचे तयार करण्याचे काम मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत (१९८३) चालते. रोजच्या वापरात फोन कानाशी नेताच झिरपलेला आवाज परावर्तित होऊन शिट्टी येते. टेलिकॉइलची (फोनचे चुंबकीय क्षेत्र थेट टिपणाऱ्या वेटोळ्याची) सोय असलेल्या यंत्रात ‘टी’ कळ वापरल्यास मायक्रोफोन चक्रातून वगळला जातो.